यादीत नाव न आलेल्या मुलांच्या आईबाबांना

सप्रेम नमस्कार.

तुमच्या मुलाचं किंवा मुलीचं नाव यंदाच्या संघात लागलं नाही. हे पत्र तुमच्यासाठी आहे. ज्यांची नावं लागली त्यांच्या घरी आज कुणी काही सांगायची गरज नाही.

मी १७ वर्षं १४ वर्षांखालच्या मुलामुलींना व्हॉलीबॉल शिकवला आणि दरवर्षी संघ निवडला. संघात १२ जागा. सिलेक्शनला कधी ३०, कधी ४० मुलं यायची. म्हणजे यादी करायला बसलं की जेवढी नावं लिहायची, त्याच्या दीडपट ते दुपटीहून जास्त गाळायची. हे काम मी मनापासून केलं आणि मला ते कधीच आवडलं नाही. मग एक वर्ष असं आलं की दुसऱ्याच प्रशिक्षकांनी केलेल्या यादीत माझ्या मुलीचं नाव नव्हतं. नावं गाळणारा म्हणून मी बरा वागलो असेन किंवा नसेन, पण गाळलेल्या मुलीचा बाप म्हणून मी चुकलो. ती चूक तुमच्या हातून होऊ नये, एवढ्यासाठी हे लिहितो आहे.

पूर्वी यादी फळ्यावर लागायची. मुलं घोळक्याने जायची, बोट वरून खाली फिरायचं, शेवटच्या नावापाशी थांबायचं. वाईटच होतं ते, पण निदान मैदानात घडायचं. शेजारी आणखी वीसजण तशाच पडलेल्या चेहऱ्याने उभे असायचे. आता यादी फोनवर येते. माझ्या मुलीच्या ग्रुपवर ती संध्याकाळी सव्वासातला आली. खाली लगेच अंगठे, टाळ्या, अभिनंदन. तिने यादी दोनदा वाचली. तिसऱ्यांदा वाचताना ती खालून वर वाचत होती. आणखी काही मिनिटांनी ग्रुपमध्ये एक ओळ उमटली, तिला ग्रुपमधून काढल्याची. यात कुणाचा वाईट हेतू नव्हता. सामन्यांच्या वेळा कळवायला संघापुरता ग्रुप हवा होता, इतकंच. तिने फोन पालथा ठेवला. सरावाहून आल्यावर गुडघ्याचे पॅडही अजून काढले नव्हते, तशीच ती पलंगावर बसून राहिली.

आणि मी तिच्याजवळ बसायचं सोडून गॅलरीत गेलो आणि तिच्या सरांना फोन लावला.

माझा आवाज चढलेला नव्हता. मीही या खेळातला आहे हे सांगितलं, निवडीचे निकष विचारले, आणि मग ओघात म्हणालो की यादीतल्या दोघींपेक्षा हिची सर्व्हिस नक्कीच चांगली आहे. त्या दोघींची नावंही घेतली. सरांनी शांतपणे ऐकून घेतलं. फोन ठेवला तेव्हा आपण मुलीसाठी काहीतरी केलं असं मला वाटत होतं. दुसऱ्या दिवशी सकाळी ती म्हणाली, "बाबा, आता मी तिथे परत कशी जाऊ?"

गॅलरीचं दार उघडं होतं. तिने सगळं ऐकलं होतं. ज्या दोघींची नावं मी घेतली, त्यातली एक वर्गात तिच्याच बाकावर बसायची. संघात नसलेल्या मुलींनी सरावाला येत राहायला हरकत नाही असं सरांनी आधीच सांगितलेलं होतं, आणि ती जाणार होती. रात्री पलंगावर बसल्या बसल्या तिचं ते ठरतही आलं होतं. मी फोन केला आणि तिचा परतीचा रस्ता बुजवला.

नाव गळल्याचं दुःख तिचं होतं. त्याचं काय करायचं हेही तिनेच ठरवायला हवं होतं. मी ते तिच्या हातातून काढून घेतलं. पुढे विचार करताना लक्षात आलं, की १७ वर्षांत मी ज्या पालकांना मनातल्या मनात नावं ठेवली, ते सगळे वेगवेगळ्या तऱ्हेने हेच करत होते. आणि ते सगळे पोटच्या मुलावर जीव असलेले लोक होते.

काहीजण म्हणतात, "वशिल्याचा कारभार आहे सगळा." हे वाक्य एकदा घरात उच्चारलं गेलं की मुलाला शिकण्यासारखं काही उरत नाही. जे झालं ते त्याच्या खेळाबाहेरच झालं, मग तो काय सुधारणार? काहीजण म्हणतात, "जाऊ दे, तसाही अभ्यासच महत्त्वाचा." वर्षभर जे मूल पहाटे उठून मैदानावर गेलं, त्याला आपण त्या घडीला सांगतो की तुझं ते सगळं किरकोळ होतं. दोन्ही गोष्टी आपण मुलाच्या मायेपोटीच बोलतो, म्हणून त्यांचं नुकसान लवकर दिसत नाही.

तिसरी तऱ्हा मात्र सगळ्यांना आवडते, म्हणून तिच्यावर थोडं सविस्तर बोलतो. "दाखवून दे त्यांना!" आणि त्यापाठोपाठ मायकेल जॉर्डनची गोष्ट. ही गोष्ट मीही बऱ्याच मुलांना सांगितली आहे आणि चुकीची सांगितली आहे. शाळेच्या संघातून काढून टाकलेला मुलगा पुढे जगातला सर्वांत मोठा बास्केटबॉलपटू झाला, अशी ती आपण सांगतो. घडलं ते असं. १९७८मध्ये अमेरिकेतल्या नॉर्थ कॅरोलायना राज्यात लेनी हायस्कूलमध्ये जॉर्डन १५ वर्षांचा होता. उंची ५ फूट १० इंचांच्या आसपास. शाळेच्या वरिष्ठ संघाला उंच खेळाडू हवा होता, आणि ती जागा त्याच्याच वयाच्या लिरॉय स्मिथला मिळाली, जो ६ फूट ७ इंच उंच होता. जॉर्डनला शाळेच्या कनिष्ठ संघात घेतलं. घरी जाऊन आपण रडलो, हे त्याने स्वतः सांगितलेलं आहे. त्यानंतर तो एक पूर्ण हंगाम त्या कनिष्ठ संघातून खेळला.

आपण गाळतो तो हाच भाग. ज्या संघात जायची इच्छा नव्हती त्या संघात एक अख्खा हंगाम खेळायचं, प्रत्येक सामना खेळायचा, यात सांगण्याजोगं नाट्य नसतं. पण १३-१४ वर्षांच्या मुलाला या गोष्टीतलं काही उचलता येण्याजोगं असेल तर तेवढंच आहे. बाकीचं, म्हणजे पुढचे चषक आणि कीर्ती, त्याच्या हातात नाही आणि तुमच्याही नाही. "दाखवून दे" म्हटलं की मूल त्या १२ जणांविरुद्ध खेळायला लागतं, निवडणाऱ्या सरांविरुद्ध खेळायला लागतं. अशी मुलं मी पाहिली आहेत. दोन महिने ती जीव तोडून खेळतात, कारण राग पेटलेला असतो. मग राग विझतो आणि खेळही थांबतो. मी शिकवलेली जी मुलं खेळत राहिली, त्यातली बहुतेक नुसता चेंडू हातात आला की खूश होणारी होती.

आता निवडणाऱ्याच्या खुर्चीतून काय दिसतं ते सांगतो. त्याने तुमचा राग थोडा तरी उतरेल अशी आशा आहे.

यादी म्हणजे सिलेक्शनला आलेल्या ४० मुलांची पहिल्यापासून चाळिसाव्यापर्यंत लावलेली रांग नव्हे, तिच्यातून वरचे बारा उचलले असं कधीच होत नाही. मला दोन सेटर लागतात, म्हणजे स्मॅश मारणाऱ्याला चेंडू वर काढून देणारे, मधून ब्लॉक करणारी, म्हणजे समोरचा स्मॅश नेटपाशीच अडवणारी तीन-चार मुलं लागतात, बाजूने स्मॅश मारणारी लागतात, मागे चेंडू उचलणारी लागतात. एखाद्या वर्षी पाच उत्तम सेटर येतात. त्यातल्या तिघांना मला घरी पाठवावं लागतं, आणि त्यांच्याहून कच्चा पण उंच मुलगा संघात येतो. त्या तिघांच्या घरी काय बोललं जात असेल याची मला पूर्ण कल्पना असायची, तरी यादी तीच राहायची.

दुसरी गोष्ट शरीराची. मुलींची उंची साधारण १२व्या वर्षाच्या आसपास आणि मुलांची १४व्या वर्षाच्या आसपास सर्वांत झपाट्याने वाढते, एका वर्षात ८ ते १० सेंटिमीटरही. पण हे झालं सरासरीचं. कुणाचं हे दोन वर्षं आधी होतं, कुणाचं दोन वर्षं उशिरा. एकाच वयोगटाच्या रांगेत मिसरूड फुटलेला मुलगा आणि अजून बालपणाचा आवाज असलेला मुलगा शेजारी शेजारी उभे असतात, आणि दोघांना एकच चेंडू, एकच नेट. शिवाय जो झपाट्याने वाढत असतो त्याचीही वेगळी पंचाईत होते. सहा महिन्यांपूर्वी अचूक पास देणारा मुलगा एकाएकी स्वतःच्याच पायांत अडखळायला लागतो. नेमकं तेव्हा सिलेक्शन आलं तर तो गळतो. असे दोन तरी मुलगे मी गाळल्याचं मला आठवतं, आणि एका वर्षाने त्यांना पाहिल्यावर मी स्वतःला दोष दिला होता.

आणि जन्माचा महिना. ज्या वयोगटाची मोजणी १ जानेवारीपासून होते त्यात जानेवारीत जन्मलेलं मूल आणि डिसेंबरात जन्मलेलं मूल एकाच गटात खेळतात, पण एकाला जवळजवळ एक वर्ष वाढायला जास्त मिळालेलं असतं. १९८५मध्ये रॉजर बार्न्सली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी कॅनडातल्या आइस हॉकीच्या कनिष्ठ खेळाडूंच्या जन्मतारखा तपासल्या. वर्षाच्या पहिल्या तीन महिन्यांत जन्मलेल्यांची तिथे गर्दी होती आणि शेवटच्या तीन महिन्यांतले विरळ होते. त्याहून बोलकी गोष्ट बेल्जियमची. तिथल्या फुटबॉलमध्ये मुलांचे वयोगट १ ऑगस्टपासून मोजले जायचे. १९९७च्या सुमारास ती तारीख १ जानेवारी झाली, आणि त्यासरशी निवडल्या जाणाऱ्या मुलांचे महिनेही सरकले. आधी ऑगस्ट-सप्टेंबरात जन्मलेली मुलं जास्त निवडली जात होती, मग जानेवारी-फेब्रुवारीतली निवडली जायला लागली. मुलांमध्ये काही बदललं नव्हतं. तारीख बदलली होती. हे वाचल्यावर मी माझ्या जुन्या याद्या काढून जन्मतारखा पाहिल्या आणि बराच वेळ गप्प बसलो.

हे सगळं तुम्ही माहीत करून घ्या, पण त्याच रात्री मुलाला सांगू नका. नोव्हेंबरात जन्मलेल्या मुलीला "तुझा महिना चुकला" म्हणून काय मिळणार? ही माहिती तुमच्यासाठी आहे, तुमचा हात फोनकडे जाऊ नये म्हणून. मुलाला कधीतरी महिन्याभराने, रस्त्याने चालता चालता, सहज सांगा.

पहिल्या रात्री फार थोडं करायचं असतं. जवळ बसा. "एकटं राहायचं आहे की मी बसू?" एवढं विचारा, आणि एकटं राहायचं असेल तर दार ओढून घ्या. रडू येत असेल तर येऊ द्या. १३ वर्षांच्या मुलाला रडताना पाहून बापमाणसांना जी घाई होते, ती आवरा. कारणं सांगू नका, उपाय सुचवू नका, आणि ज्या मुलांची नावं लागली त्यांच्याबद्दल चकार शब्द काढू नका. ती मुलं उद्या शाळेत भेटणार आहेत. ग्रुपवर तुमच्या वतीने काहीही लिहू नका, खोटं अभिनंदनसुद्धा नको.

मग दोन-तीन दिवस गेल्यावर, मुलाची तयारी असेल तर, त्याने स्वतः सरांकडे जाऊन विचारायचं. हा भाग मला सगळ्यांत महत्त्वाचा वाटतो, आणि तो मला एका मुलाने शिकवला.

सुरुवातीच्या वर्षांतली गोष्ट आहे. यादी लागून तीन दिवस झाले होते. सराव संपला, मी नेट उतरवत होतो. गाळलेला एक मुलगा आला आणि नेटचं दुसरं टोक धरून घडी घालायला लागला. लांबट चेहऱ्याचा, शांत. घडी पूर्ण झाल्यावर म्हणाला, "सर, मला नेमकं काय येत नाही?" मी म्हणालो, "थोडा कमी पडलास रे, पुढच्या वर्षी बघू." तो हलला नाही. म्हणाला, "कशात कमी पडलो?" आणि मला उत्तर आलं नाही. ४० मुलांमधून मी त्याला गाळलं होतं आणि का गाळलं ते एका वाक्यात मला सांगता येत नव्हतं. मी त्याला म्हणालो, मला दोन दिवस दे. दोन दिवस मी त्याला सरावाला बोलावलं आणि फक्त त्याच्याकडे बघितलं. मग सांगितलं, "सर्व्हिस येते तेव्हा तुझे हात तयार असतात, पण पाय उशिरा हलतात. चेंडू जवळ आल्यावर तू जागा बदलतोस. चेंडू समोरच्याच्या हातातून सुटतो तेव्हा निघायचं." मी सांगत होतो आणि तो माझ्या पायांकडे बघत होता.

त्यानंतर तो रोज एक चेंडू मागून घ्यायचा आणि मैदानाच्या टोकाच्या भिंतीवर मारायचा. भिंतीवरून परत येणाऱ्या चेंडूखाली आधी पाय न्यायचे, मग हात. एकटाच. त्या धप्-धप् आवाजात माझे बाकीचे सराव चालायचे.

तुम्ही वाट बघत असाल की पुढच्या वर्षी तो संघात आला. नाही आला. त्याच्या पुढच्या वर्षीही त्याच्यापेक्षा सरस मुलं होती. माझ्या कोणत्याही यादीत त्याचं नाव कधीच लागलं नाही. पण आज तिशी ओलांडल्यावरही तो आठवड्यातून तीन संध्याकाळी खेळतो, आणि मागच्या रांगेत त्याच्यासारखा चेंडू उचलणारा त्या घोळक्यात दुसरा नाही. आणि त्याच्या त्या प्रश्नानंतर मी गाळलेल्या प्रत्येक मुलाच्या नावापुढे एक ओळ लिहून ठेवायला लागलो. कशात कमी, आणि काय केलं तर भरून निघेल. कुणी विचारलंच तर माझ्याकडे उत्तर असावं म्हणून. फार थोड्यांनी विचारलं. पालकांचे फोन मात्र खूप आले, आणि त्यांना ती ओळ नको असायची. त्यांना निर्णय बदलून हवा असायचा.

प्रश्न कसा विचारायचा यावरही बरंच अवलंबून आहे. "मला का घेतलं नाही?" या प्रश्नात गैर काही नाही, पण त्याचं उत्तर देताना प्रशिक्षकाला दुसऱ्या मुलाचं नाव घ्यावं लागतं, आणि तो अवघडतो. "मी कशावर काम करू?" या प्रश्नाला उत्तर देणं सोपं जातं. कधीकधी त्या उत्तरात नवी वाटही निघते. १९८७मध्ये १४ वर्षांचा सचिन तेंडुलकर मद्रासच्या एमआरएफ पेस फाउंडेशनमध्ये गेला होता तो वेगवान गोलंदाज व्हायला. ऑस्ट्रेलियाचे माजी वेगवान गोलंदाज डेनिस लिली तिथे शिकवत होते. त्यांनी त्याला फलंदाजीकडे लक्ष द्यायला सांगितलं. तो नकारच होता, पण कुठे जायचं तेही त्यात होतं. आमच्या खेळात बुटक्या मुलांना वर्षानुवर्षं जागा मिळत नव्हती. १९९८मध्ये आंतरराष्ट्रीय व्हॉलीबॉलमध्ये लिबेरो आला, वेगळ्या रंगाची जर्सी घालून मागे खेळणारा, स्मॅश आणि ब्लॉकशी संबंध नसलेला, फक्त चेंडू उचलणारा. मग ज्या मुलांना मी उंचीपायी गाळलं असतं, त्यांच्यासाठी एक जागा तयार झाली. पण ही जागा आहे आणि ती तुला जमेल, हे मुलाला कळणार कसं? विचारलं तरच.

इथे एक गोष्ट स्पष्ट करायला हवी. सगळंच मुलावर सोडा असं माझं म्हणणं नाही. मुलाला त्याच्या शरीरावरून, जातीवरून, रंगावरून कुणी बोललं असेल, जागेसाठी पैसे मागितले असतील, अंगाला नको तसा हात लावला असेल, तर तो विषय निवडीचा राहत नाही. तिथे तुम्हीच उभं राहायचं, लेखी तक्रार करायची, आणि मुलाला त्यात एकटं पुढे करायचं नाही. पण नाव लागलं नाही एवढ्यावरून असं काही झालं असेल असं धरून चालू नका.

आता हा पुढचा मजकूर मुलाला वाचायला द्या. तो त्याच्यासाठीच आहे.

बाळा, तुला वाईट वाटतंय ते बरोबरच आहे. ज्याला काही वाटलं नाही त्याला खेळही फारसा हवा नव्हता. दोन आठवडे कोणताही मोठा निर्णय घेऊ नकोस. खेळ सोडायचा नाही आणि दुसऱ्या क्लबात नावही घालायचं नाही. या दोन आठवड्यांत एकदा तरी चेंडू हातात घे, कुणी बघत नसताना, आणि तुला अजून तो हातात घ्यावासा वाटतो का ते बघ. वाटत असेल तर तुझा खेळ तुझ्याजवळ आहे, यादीने तो नेलेला नाही. नसेल वाटत, तर तेही लपवू नकोस. मी गाळलेल्या एका मुलाने मला पुढे सांगितलं की त्या दिवशी त्याला हायसं वाटलं होतं, पण घरी सगळे इतके दुःखी होते की त्याला हसायची भीती वाटली. दुसरा खेळ घ्यावासा वाटला तर घे. बहुतेक खेळांत १५-१६ वर्षांपर्यंत एकाच खेळाला बांधून घेऊ नये, असं अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने २०१६मध्ये सांगितलं आहे. तुझ्या हातात वेळ आहे. ज्या मैत्रिणीचं, मित्राचं नाव लागलं, त्याला "छान झालं" म्हणणं आज जमणार नाही. माझ्या मुलीला ११ दिवस लागले. जेव्हा म्हणशील तेव्हा खरं म्हण. आणि सरांकडे जाताना एकटा जा, किंवा दुसऱ्या गळलेल्या मित्राला बरोबर घे. आईबाबांना फाटकाबाहेर थांबव.

माझ्यासारख्या, याद्या करणाऱ्यांनाही दोन शब्द. यादी लावण्याआधी गळणाऱ्या प्रत्येक मुलाशी दोन मिनिटं तोंडी बोला. ३० मुलं म्हणजे एक तास. तेवढा वेळ आपल्याकडे असतो. ग्रुपमधून काढायचं असेल तर आधी सांगून काढा, किंवा संघाचा नवा ग्रुप करा आणि जुना सगळ्यांचा राहू द्या. नॉर्वेत १९८७ पासून मुलांच्या खेळासाठी वेगळे नियम आहेत, आणि मूल ज्या वर्षी ११ वर्षांचं होतं त्याआधी तिथे निकालांचे तक्ते आणि क्रमवारी लावत नाहीत. आपल्याला तेवढं जमणार नसेल, तर निदान नाव गळालेल्या मुलाला त्याचं कारण एका वाक्यात सांगता यावं.

माझ्या मुलीचं पुढे काय झालं ते सांगतो आणि थांबतो.

दोन महिने ती मैदानाकडे फिरकली नाही. मी विषय काढला नाही. या वेळी तेवढं तरी मला जमलं. गुडघ्याचे पॅड दाराजवळच्या बॅगेत होते, मी ती बॅग उचलून माळ्यावर टाकली नाही, आणि "कधी जाणार?" असंही विचारलं नाही. मग एका शनिवारी ती म्हणाली, मला सरांना भेटायचं आहे, सोडाल का? मी सोडलं. वाटेत तिने सांगितलं, की आधी तुम्ही फोन केलात त्याबद्दल मी सरांना सॉरी म्हणणार आहे. १३ वर्षांची मुलगी माझ्या वतीने माफी मागणार होती. मी म्हणालो, ते माझं मी मागेन, आणि त्याच संध्याकाळी मागितली. फाटकापाशी पोचल्यावर ती म्हणाली, "बाबा, तुम्ही इथेच थांबा."

मी थांबलो. सर मैदानाच्या पलीकडच्या कडेला चेंडू पिशवीत भरत होते. ती त्यांच्याजवळ गेली. तिची पाठ माझ्याकडे होती. ते काहीतरी बोलले, तिने मान हलवली. मग सरांनी पिशवी खाली ठेवली, हात पुढे करून काहीतरी दाखवलं, आणि तिने गुडघे वाकवले. त्यांनी मान हलवली, तिने आणखी खाली वाकवले. फाटकापर्यंत मला एक शब्दही ऐकू आला नाही.

आपला,
एक प्रशिक्षक, एक बाप